कुलूप लावलेल्या घराचा विमा

मे महिना संपत आला की कोकणातल्या कित्येक घरांत एकच लगबग सुरू होते. अंथरुणे उन्हात तापवून पेटीत भरली जातात, तांब्या-पितळेची भांडी माळ्यावर चढतात, उरलेले आंबे आणि फणसपोळी मुंबई-पुण्याच्या वाटेला लागते. देवापुढे शेवटचा दिवा लावून झाला की दाराला कुलूप पडते. किल्ली शेजाऱ्याच्या हाती देताना एक वाक्य हमखास बोलले जाते, ‘जाता-येता जरा लक्ष असू दे हो!’ मग ते घर उघडते ते थेट गणपतीला.

ही गोष्ट कोकणापुरतीच नाही. लोणावळ्याचा छोटा बंगला, निवृत्तीनंतर राहायचे म्हणून गोव्यात घेऊन ठेवलेला फ्लॅट, इंदूर-बडोद्याला स्थायिक झालेल्या कुटुंबाचे गावाकडचे वडिलोपार्जित घर, या सर्वांची तऱ्हा एकच. वर्षातले दीड-दोन महिने ती माणसांनी भरलेली असतात आणि उरलेले दहा महिने कुलपाच्या भरवशावर उभी असतात. राहत्या घराचा विमा उतरवणारी कुटुंबे आधीच थोडी. या दुसऱ्या घराचा विचार तर बहुधा नुकसान झाल्यावरच होतो.

३ जून २०२० रोजी दुपारी ‘निसर्ग’ चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर धडकले. ताशी १०० ते ११० किलोमीटर वेगाच्या वाऱ्याने रायगड आणि उत्तर रत्नागिरीतली कौले, पत्रे उडाले, माड-पोफळी मुळासकट आडव्या झाल्या. देशात करोनाचे निर्बंध होते. जिल्ह्याबाहेर जायला परवाना लागत होता. गावोगावची वीज आणि फोन बंद पडले होते. आपल्या घरावर छप्पर उरले आहे की नाही, एवढे कळायलाही मुंबईतल्या अनेक घरमालकांना कित्येक दिवस लागले. पुढच्याच वर्षी, मे २०२१मध्ये ‘तौक्ते’ वादळ याच किनाऱ्याला घासून गेले आणि २२ जुलैला चिपळूण पुराच्या पाण्याखाली गेले. रिकाम्या घराचे नुकसान मोठे का होते, ते या अनुभवांनी दाखवून दिले. संकट येते तेव्हा तिथे कोणी नसते आणि संकट आल्याचे कळते तेव्हा बराच उशीर झालेला असतो.

एका घराची गोष्ट

एक उदाहरण कल्पून पाहावे. मुंबईतल्या एका निवृत्त दांपत्याने १० जूनला गावचे घर बंद केले. २० जूनला वादळी पावसात शेजारचा फणस मागच्या पडवीवर पडला. वासे मोडले, पाणी स्वयंपाकघरात शिरले. शेजारीण लेकीकडे बाळंतपणाला गेलेली, त्यामुळे मागची बाजू कोणी पाहिलीच नाही. जुलैच्या मध्यास कोणीतरी त्या भगदाडातून आत शिरले आणि हंडे, घंगाळ, पाण्याचा पंप आणि गॅसचे सिलिंडर घेऊन गेले. ऑगस्टच्या अखेरीस गणपतीच्या तयारीसाठी घर उघडले, तेव्हा भिंतींवर बुरशी होती आणि दोन खोल्यांतल्या पेट्यांतली अंथरुणे कुजली होती.

घराचा विमा होता. हप्ताही वेळेवर भरला होता. तरीही भरपाईच्या वेळी सर्व्हेअर तीन प्रश्न विचारणारच. झाड कोणत्या दिवशी पडले? चोरी कधी झाली? आणि घर इतके दिवस बंद राहणार आहे, हे विमा कंपनीला कळवले होते का? या तिन्ही प्रश्नांची उत्तरे ज्याच्याजवळ कागदावर आहेत, त्याचाच विमा खऱ्या अर्थाने कामाला येतो.

पॉलिसीत काय येते

१ एप्रिल २०२१पासून घरांसाठी ‘भारत गृह रक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी लागू झाली. तिचा मसुदा विमा नियामक प्राधिकरणाने ठरवून दिलेला असल्याने कंपनी कोणतीही असली तरी मूळ अटी सारख्याच असतात. आग, स्फोट, वीज कोसळणे, भूकंप, वादळ, पूर, दरड कोसळणे, दंगल, टाकी किंवा पाइप फुटणे ही संकटे तिच्यात येतात. बाहेरची वस्तू घरावर आदळून झालेले नुकसानही येते. त्यात कोसळणारे झाड धरलेले आहे, म्हणून उदाहरणातल्या पडवीचे नुकसान भरून मिळण्यासारखे आहे.

घर म्हणजे केवळ चार भिंती नव्हेत. पडवी, कुंपणाची भिंत, फाटक, पाण्याची कायम टाकी, छपरावरचे सौर पॅनेल हेही इमारतीच्या विम्यात धरता येतात. मात्र प्रस्तावात त्यांचा उल्लेख करून त्यांची किंमत रकमेत मिळवावी. पडलेला मलबा हलवण्याचा खर्च दाव्याच्या २ टक्क्यांपर्यंत आणि आर्किटेक्ट, इंजिनीयर यांची फी ५ टक्क्यांपर्यंत मिळू शकते.

काय येत नाही, हेही तितकेच महत्त्वाचे आहे. माकडांनी एखादे कौल फोडले, तिथून पावसाळाभर थेंब थेंब पाणी गळत राहिले आणि वासा कुजला, तर तो देखभालीचा अभाव ठरतो. वाळवीने पोखरलेली चौकट, दमट हवेने आलेली बुरशी, वयोमानाने खचलेली भिंत यांची भरपाई मागता येत नाही. विमा अचानक आलेल्या संकटासाठी असतो आणि बंद घराचे बरेचसे नुकसान हळूहळू होत असते. म्हणून पावसाळ्याआधीची शाकारणी विम्याच्या हप्त्याइतकीच आवश्यक मानावी.

चोरीबाबतचा गैरसमज

घराचा विमा म्हणजे चोरीचाही विमा, अशी अनेकांची समजूत असते. ‘भारत गृह रक्षा’च्या मूळ पॉलिसीत चोरी येते ती एका मर्यादेतच. वर सांगितलेल्यांपैकी एखादे संकट घडले, त्याच्यामुळे घर उघडे पडले आणि संकटापासून सात दिवसांच्या आत चोरी झाली, तरच तिची भरपाई मिळते. उदाहरणातले झाड २० जूनला पडले आणि चोरी जुलैच्या मध्यास झाली. सात दिवस केव्हाच उलटून गेले होते. एखादी वस्तू ‘सापडत नाही’, पण ती कधी आणि कशी गेली ते सांगता येत नाही, अशा हानीलाही ही पॉलिसी लागू होत नाही.

शांत दिवसात कुलूप तोडून झालेल्या घरफोडीसाठी वेगळे संरक्षण जोडून घ्यावे लागते. ते घेताना ‘घरफोडी’ची व्याख्या वाचावी. बळजबरीने आत शिरल्याची किंवा बाहेर पडल्याची खूण त्यात सामान्यतः अपेक्षित असते. तुटलेले कुलूप, उचकटलेला कोयंडा, वाकवलेला गज हाच तिथे पुरावा ठरतो. ज्याच्याकडे किल्ली होती त्यानेच सामान हलवले, तर दावा अडचणीत येतो. किल्ल्या किती आणि कोणाकडे आहेत, याची नोंद म्हणूनच ठेवावी.

दागिने आणि मौल्यवान वस्तू बंद घरात ठेवूच नयेत. नाणी, रोख रक्कम आणि दस्तऐवज यांना तर मूळ पॉलिसीत संरक्षण नाही. देवघरातल्या जुन्या मूर्ती आणि चांदीची उपकरणी घर बंद करताना बरोबर नेण्याची जुनी पद्धत शहाणपणाचीच आहे.

तीस दिवसांची अट

बंद घराच्या मालकाने पॉलिसीत सर्वप्रथम शोधायची अट म्हणजे घर किती दिवस रिकामे राहिले तर चालते. पूर्वी घरांसाठीही वापरल्या जाणाऱ्या प्रमाणित आगविमा पॉलिसीत ही अट स्पष्ट होती. घर ३० दिवसांपेक्षा जास्त काळ वस्तीविना राहिले आणि कंपनीची संमती आधी पॉलिसीवर नोंदवून घेतली नसेल, तर संरक्षण थांबत असे. घरफोडीच्या पॉलिसींत अशा स्वरूपाची अट आजही आढळते. दिवसांचा आकडा मात्र कंपनीगणिक वेगळा असतो.

जूनपासून गणपतीपर्यंत घर अडीच-तीन महिने बंद राहते. म्हणजे अशी अट असेल, तर ती दरवर्षी नेमाने मोडली जाते आणि मालकाला त्याचा पत्ताही नसतो. यावर उपाय सोपा आहे. प्रस्तावाचा फॉर्म भरतानाच ‘हे आमचे दुसरे घर असून वर्षातून साधारण इतके महिने बंद असते’ असे लिहावे. त्याची प्रत ठेवावी. एजंट ‘काही होत नाही हो, मी बघतो’ म्हणाला तरी तेवढ्यावर विसंबू नये. कंपनीचे उत्तर पत्राने किंवा ई-मेलने घ्यावे आणि गरज असेल तिथे पॉलिसीला पुरवणी जोडून घ्यावी. हप्ता थोडा वाढला तरी चालेल, पण माहिती दडवलेली असू नये.

हाच नियम घराचा वापर बदलल्यावर लागू होतो. दोन-तीन खोल्या पर्यटकांना भाड्याने देण्याची चाल आता किनाऱ्यावरच्या गावांत बरीच रुळली आहे. उत्पन्न मिळते, घरही वापरात राहते. पण केवळ कुटुंबाच्या राहण्यासाठी म्हणून विमा उतरवलेले घर तेवढ्याने व्यवसायाची जागा होते. पहिला पाहुणा येण्याआधी कंपनीला कळवून योग्य ती पॉलिसी घ्यावी.

रक्कम किती असावी

विम्याची रक्कम ठरवताना दोन चुका होतात. काही मंडळी जागेचा बाजारभाव धरतात आणि विनाकारण जास्त हप्ता भरतात. जमीन वादळात उडून जात नाही, त्यामुळे तिचा विमा नसतो. काही मंडळी आजोबांनी घर बांधले तेव्हाचा खर्च धरतात. खरा हिशेब आज तेच घर बांधायला किती खर्च येईल, याचा असतो. घराचे चटई क्षेत्र गुणिले आजचा बांधकामाचा दर, ही त्याची सोपी रीत. समजा, घर ९०० चौरस फुटांचे आहे आणि गावात बांधकामाचा दर चौरस फुटाला २,००० रुपये आहे. तर इमारतीची रक्कम १८ लाख रुपये होते. पडवी, कुंपण, टाकी यांचा खर्च त्यात वेगळा मिळवायचा.

घरातल्या सर्वसाधारण सामानाला इमारतीच्या रकमेच्या २० टक्क्यांपर्यंत, कमाल १० लाख रुपयांपर्यंत संरक्षण आपोआप मिळते. वरच्या हिशेबात ते ३ लाख ६० हजार होते. सुटीतल्या घरात सामान बेताचेच असते, त्यामुळे बहुतेकांना एवढे पुरते. रक्कम थोडी कमी धरली गेली, तरी या पॉलिसीत दाव्यातून त्या प्रमाणात कपात होत नाही, मात्र विम्याच्या रकमेपेक्षा जास्तही मिळत नाही. स्वतंत्र घरफोडी पॉलिसीत ही सवलत असेलच असे नाही, तिथे विचारून घ्यावे.

पॉलिसी एका वेळी दहा वर्षांपर्यंतची घेता येते आणि इमारतीची रक्कम दरवर्षी मूळ रकमेच्या १० टक्क्यांनी आपोआप वाढते. बंद घरासाठी दीर्घ मुदतीचा आणखी एक लाभ म्हणजे नूतनीकरण विसरण्याची भीती राहत नाही. पत्रव्यवहाराचा पत्ता मात्र शहरातला द्यावा. नूतनीकरणाची सूचना कुलूप लावलेल्या घराच्या दारात येऊन पडल्याचा उपयोग नाही.

फ्लॅट असेल तर सोसायटीने इमारतीचा विमा उतरवला आहे का, आणि त्यात सभासदाच्या घराच्या आतले काय काय धरले आहे, हे चिटणिसांना विचारावे. तेवढे समजले की आपल्याला सामानाचाच विमा हवा की दोन्हींचा, ते ठरवता येते.

घर कोणाच्या नावावर?

वडिलोपार्जित घरांत खरी गुंतागुंत इथे असते. घरपट्टीच्या उताऱ्यावर अजून आजोबांचे नाव, वारस तीन भाऊ आणि दोन बहिणी, कौले बदलण्याचा खर्च करतो एक आणि विम्याचा हप्ता भरतो तोच. घर कोसळल्यावर भरपाईचा धनादेश कोणाच्या नावे काढायचा, हा प्रश्न मग उभा राहतो. ज्याचा घरात कायदेशीर हितसंबंध आहे त्यालाच विमा मागता येतो आणि तोही त्याच्या हितसंबंधापुरता. ग्रामपंचायतीच्या आकारणी उताऱ्यावर सर्व वारसांची नावे लावून घ्यावीत आणि पॉलिसीही सर्वांच्या संयुक्त नावे घ्यावी. निदान एकाला सर्वांनी लेखी अधिकारपत्र द्यावे. गणपतीला सगळे जमतात, तेव्हा आरतीनंतरचा अर्धा तास या कामासाठी काढायला हरकत नाही. नुकसान झाल्यानंतर हेच बोलणे फार कडवट होते.

लक्ष ठेवणारा माणूस

उदाहरणातल्या दांपत्याचे सर्वांत मोठे नुकसान झाले ते दोन महिने कोणीच मागची पडवी पाहिली नाही म्हणून. झाड पडल्याचे दुसऱ्या दिवशी कळले असते, तर ताडपत्री घालून पाणी थोपवता आले असते, अंथरुणे हलवता आली असती आणि चोराला वाट मिळाली नसती. पॉलिसीही विमाधारकाकडून नुकसान वाढू न देण्याची वाजवी काळजी अपेक्षित धरते.

‘जाता-येता लक्ष असू दे’ ही विनंती झाली, व्यवस्था नव्हे. शेजारी मायेने करतो, पण कधी आणि काय पाहायचे, हे त्याला कोणी सांगितलेले नसते. पावसाळ्यात दर आठवड्याला आणि एरवी पंधरा दिवसांनी घराभोवती एक फेरी, महिन्यातून एकदा दारे उघडून हवा खेळती ठेवणे, प्रत्येक वेळी चारही बाजूंचे फोटो मोबाइलवर पाठवणे, हे काम नीट ठरवून त्याचा मोबदला द्यावा. शेजारी पैसे घ्यायला संकोचला तरी आग्रहाने द्यावेत. गावाला जाणार असेल तेव्हा त्याने दुसऱ्या कोणाला सांगून जावे, एवढेही बोलून ठेवावे. तारखेसह आलेले हे फोटोच पुढे ‘झाड कधी पडले’ या प्रश्नाचे उत्तर होतात.

गावच्या पोलीस पाटलांना आणि जवळच्या पोलीस ठाण्याला घर किती काळ बंद राहणार ते सांगून आपला फोन नंबर द्यावा. कॅमेरा बसवला असेल तर वीज गेल्यावर तो किती तास चालतो ते तपासावे. वादळात आधी वीजच जाते. कॅमेरा मुंबईत बसून चोर दाखवील, पण त्याला हटकायला गावातच कोणी असावे लागते.

निघण्यापूर्वी

घर बंद करण्याच्या दिवशी पुढील कामे एका कागदावर लिहून एकेक खूण करत जावे:

• गॅसचा रेग्युलेटर काढून ठेवावा. विजेचा मेन स्विच बंद करावा. कॅमेऱ्यासाठी वीज चालू ठेवायची असेल तर त्याची जोडणी वायरमनकडून वेगळी करून घ्यावी.

• फ्रिज रिकामा करून, पुसून त्याचे दार किंचित उघडे ठेवावे. टाकीचा मुख्य व्हॉल्व्ह बंद करावा.

• फुटकी कौले बदलावीत, पन्हळी साफ कराव्यात. घरावर झुकलेल्या फांद्या तोडून घ्याव्यात. वाऱ्याच्या बाजूला पडवीला ताडपत्री किंवा झाप बांधावेत.

• शिडी, कुदळ, पहार बाहेर ठेवू नये. चोराला घरच्याच अवजारांची मदत होते.

• प्रत्येक खोलीचे आणि सामानाचे फोटो काढावेत. पंप, टीव्ही, फ्रिज यांची बिले आणि क्रमांक यांसह ते शहरातल्या घरी ठेवावेत. पॉलिसीची प्रतही तिथेच असावी.

• ‘चाललो मुंबईला’ असे जगजाहीर फोटो समाजमाध्यमांवर टाकू नयेत.

नुकसान झालेच तर

बातमी कळताच विमा कंपनीला फोन करून तक्रार क्रमांक घ्यावा आणि त्याच दिवशी ई-मेलही करावा. स्वतः पोहोचता येत नसेल, तर विश्वासातल्या माणसाला फोटो काढायला सांगावे. ताडपत्री घालणे, पाणी उपसणे ही तातडीची कामे फोटो काढून लगेच करावीत, त्यांच्या पावत्या जपाव्यात. मोडके वासे, फुटकी कौले मात्र सर्व्हेअर पाहून जाईपर्यंत टाकून देऊ नयेत.

नैसर्गिक आपत्तीत तलाठ्याकडून पंचनामा करून घ्यावा. त्या वेळी घराच्या बाजूने कोणीतरी हजर असावे लागते, आणि बंद घरे पंचनाम्यातून निसटतात ती इथेच. पंचनाम्याची प्रत सरकारी मदतीसाठी लागते, विम्याच्या दाव्यालाही तिचा आधार मिळतो. चोरी असेल तर पोलिसांत एफआयआर नोंदवावा. चोर न सापडल्यास तपास बंद झाल्याचा अहवालही कंपनी मागते, तो न विसरता मिळवावा.

दावा नाकारला किंवा रक्कम अयोग्य वाटली, तर आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लेखी कळवावे. एक महिन्यात समाधान झाले नाही, तर विमा लोकपालांकडे विनाशुल्क दाद मागता येते. त्यासाठी वकिलाची गरज नसते, पण एक वर्षाची मुदत असते. तिथेही जपून ठेवलेले कागदच बोलतात.

उदाहरणातल्या दांपत्याने पुढच्या वर्षी फारसे काही वेगळे करायला नको. घर बंद राहण्याचे महिने कंपनीला कळवून तिची लेखी संमती घ्यायची, घरफोडीचे संरक्षण जोडायचे, पाच भावंडांची नावे पॉलिसीवर घालायची आणि शेजारणीशी नीट बोलून दर आठवड्याची फेरी ठरवायची. मग २० जूनला झाड पडले, तरी २१ तारखेला फोटो मुंबईत पोहोचतील, २२ला ताडपत्री चढेल आणि गणपतीला घर उघडेल तेव्हा ओटीवर मखर बांधायला कोरडी जागा असेल.